तिकिटाच्या खिडकीवरचा राजा

सिनेमाच्या थेटरात शिरण्याआधी एक लहानशी खिडकी लागते. खिडकीला जाळी असते. जाळीखाली हात जाईल एवढी फट असते. आपण पैसे आत सारतो, आतला माणूस तिकीट बाहेर सारतो. या खिडकीला इंग्रजीत ‘बॉक्स ऑफिस’ म्हणतात. आपल्याकडे दुकानदार दिवसभराची विक्री ज्यात टाकतो, त्याला गल्ला म्हणतात. तेव्हा बॉक्स ऑफिस म्हणजे सिनेमाचा गल्ला, असे समजा.

अमका नट लोकांना फार आवडतो, असे आपण सहज बोलून जातो. पण फार म्हणजे किती? ते मोजायचे कशाने? टाळ्यांनी मोजावे तर टाळ्या हवेत विरून जातात. सिनेमाच्या धंद्यातली माणसे ते गल्ल्याने मोजतात. ज्याचे नाव फलकावर लावले की खिडकीपुढे रांग लागते, तो मोठा नट. त्यांचा हिशेब एवढा सरळ आहे.

आम्ही येथे अशा एका नटाची हकिकत सांगणार आहोत. त्याचे नाव क्लार्क गेबल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लॉस एंजेलिस नावाचे मोठे शहर आहे. हॉलिवूड हा त्याच शहराचा एक भाग. अमेरिकेतला सिनेमाचा धंदा तेथे वाढला. १९३१ पासून १९६० पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, गेबल तेथे नायकाची कामे करीत होता. लोक त्याला ‘हॉलिवूडचा राजा’ म्हणत. पण हा राजा त्यातली तेवीस वर्षे एका कंपनीच्या पगारावर होता. रांग त्याच्यासाठी लागे आणि गल्ला दुसऱ्याचा भरे. हे कसे चालत होते ते समजावून घेण्यासारखे आहे.

आधी त्याचे घराणे पाहू. गेबल १ फेब्रुवारी १९०१ रोजी ओहायो प्रांतातल्या कॅडिझ या लहान गावी जन्मला. बाप तेलाच्या विहिरी खणण्याचे काम करी. मूल दहा महिन्यांचे असताना आई वारली. पुढे बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आई म्हटली की आपण लगेच कपाळाला आठ्या घालतो. पण या बाईने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, वाद्य वाजवायला शिकवले, नीटनेटके राहायला शिकवले. मोठा झाल्यावरही तो तिचे नाव मायेने घेई.

शाळा पुरती झाली नाही. पोरगा टायरच्या कारखान्यात कामाला लागला. तेथे असताना त्याने एक नाटक पाहिले आणि मनाने घेतले की आपण हेच करायचे. बापाला ते मुळीच पसंत नव्हते. नाचेगिरी करून पोट भरते का, असे आपल्याकडेही बाप म्हणतातच. गेबलने काही दिवस बापाबरोबर तेलाच्या खाणीवर काढले, जंगलात लाकूडतोड केली, दुकानात उभे राहून गळपट्टे विकले, टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या. मधून मधून फिरत्या नाटक मंडळीत मिळेल ते काम करायचे आणि मंडळी बुडाली की पुन्हा मजुरी, असे बरेच दिवस चालले.

पोर्टलंड नावाच्या शहरात त्याला जोसेफिन डिलन नावाची एक नाट्यशिक्षिका भेटली. ती त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी. तिने त्याला चालायचे कसे, उभे राहायचे कसे, श्वास कुठे घ्यायचा, हे शिकवले. त्याचा आवाज जरा पातळ होता. तो तिने मेहनतीने जाड आणि खालच्या पट्टीचा करून घेतला. त्याचे दात नीट करवून घेतले. १९२४ साली त्यांनी लग्न केले, पण ते टिकले नाही. पुढे जो आवाज ऐकायला लाखो लोक पैसे मोजून आले, तो या बाईने घडवला होता. मास्तरांच्या वाट्याला बहुधा असेच येते, ते असो.

आवाजाला इतके महत्त्व का, ते सांगतो. आधीचा सिनेमा मुका होता. चित्रे हलत, पण बोलत नसत. १९२७ नंतर बोलपट आले. मुक्या सिनेमातले पुष्कळ नट मागे पडले आणि ज्यांना रंगभूमीवर बोलायची सवय होती त्यांना बोलावणी येऊ लागली. गेबलला १९३० साली लॉस एंजेलिसच्या रंगभूमीवर एका खुनी कैद्याचे काम मिळाले. ते गाजले. कंपन्यांचे लोक पाहून गेले. एका कंपनीला त्याचे कान फार मोठे वाटले आणि त्यांनी नको म्हटले, असे सांगतात. कान मोठे होते हे खरे आहे. फोटो पाहिला की कळते. पण मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने त्याला ठेवून घेतले. या कंपनीला आपण नुसते मेट्रो म्हणू. सिनेमाच्या सुरुवातीला वर्तुळात एक सिंह डरकाळी फोडतो ना, तीच ही कंपनी. मुंबईत धोबी तलावाजवळ मेट्रो नावाचे थेटर आहे. तेही याच कंपनीने बांधले, १९३८ साली, आपले बोलपट लावण्यासाठी.

आता करार कसा असे ते नीट पाहा, कारण सगळी गोम त्यातच आहे.

आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचे धान्य, कपडे आणि रोकड ठरते. मग वर्षभर मालक सांगेल ते काम. पीक सोळा आणे आले तरी गड्याला ठरले तेवढेच, आणि करपले तरी तेवढेच. हॉलिवूडचे नट हे असेच सालगडी होते. साल मात्र एक नव्हे, सात वर्षांपर्यंत. कंपनी आठवड्याचा पगार देई. कोणत्या बोलपटात काम करायचे, कोणाबरोबर करायचे, किती दिवसांत करायचे, हे कंपनी ठरवी. ठरावीक मुदतीने कंपनीला नट आवडला नाही तर ती त्याला काढू शके. नटाला मात्र मध्येच जाता येत नसे. नटाने एखादे काम नाकारले तर त्याचा पगार बंद. आणि जितके दिवस तो बसून राहिला तितके दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे सालगडी चार दिवस आजारी पडला, तर पाडव्यानंतर चार दिवस जास्त राबायचे, तसे.

गेबलचा पहिला पगार आठवड्याला ६५० डॉलर होता. आपला जसा रुपया, तसा अमेरिकेचा डॉलर. ही रक्कम थोडी नव्हती. त्या वेळी अमेरिकेत भयंकर मंदी होती. १९३३ साली तर चार कामगारांत एक जण बेकार होता. तारा दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा पगार म्हणजे लॉटरीच. तेव्हा त्याने सही केली, यात नवल नाही. कोणीही केली असती.

कंपनीने पगार वसूल करून घेतला. १९३१ या एका सालात गेबल बारा बोलपटांत दिसला! काही कामे लहान, काही मोठी. त्यातल्या एकात त्याने गुंडाचे काम केले होते. त्यात तो एका मोठ्या नटीला धसमुसळेपणाने खुर्चीत ढकलतो. नियमाने पाहता प्रेक्षकांना त्याचा राग यायला हवा होता. झाले उलटेच. थेटरवाल्यांकडे विचारणा होऊ लागली की हा कोण, आणि याचा पुढचा खेळ कधी? त्याआधीचे नायक गुळगुळीत असत, तेल लावून भांग पाडलेले. हा कष्टकरी माणसासारखा दिसे, रुंद खांद्याचा, जरा बेदरकार. मंदीत पिचलेल्या लोकांना तो आपल्यातला वाटला असावा. आम्हाला मात्र बाईला ढकलणारा माणूस नायक झालेला आवडत नाही, हेही सांगून ठेवतो.

१९३३ साली एक मजेची गोष्ट घडली. कोलंबिया नावाची एक लहान कंपनी होती. तिच्याजवळ मोठे नट नव्हते. तिने मेट्रोकडून गेबल उसना मागितला. मेट्रोकडे त्या वेळी त्याच्याजोगे काम नव्हते. त्याला धडा शिकवायला पाठवले, असेही म्हणतात. आपण बैल भाड्याने देतो ना, तसा हा व्यवहार. मेट्रो गेबलला आठवड्याला २,००० डॉलर देत होती. कोलंबियाकडून तिने २,५०० घेतले. म्हणजे आठवड्याला ५०० डॉलर कंपनीला बसल्या जागी सुटले. नांगर ओढला बैलाने, भाडे गेले मालकाला.

गेबल नाखुशीने गेला. बोलपटाचे नाव होते ‘इट हॅपन्ड वन नाइट’, म्हणजे ‘एका रात्री घडले’. एका लक्षाधीशाची मुलगी बापावर रुसून पळून जाते आणि मोटारगाडीच्या प्रवासात तिला नोकरी गेलेला एक बातमीदार भेटतो. बातमीसाठी तो तिच्याबरोबर राहतो आणि दोघांत प्रेम जमते. गोष्ट ओळखीची वाटली ना? वाटणारच. राज कपूर आणि नर्गिस यांचा १९५६ चा ‘चोरी चोरी’ याच गोष्टीवरून केलेला. १९९१ मध्ये ‘दिल है कि मानता नहीं’ आला, तोही त्यावरूनच. अमेरिकेतल्या मंदीत लिहिलेली गोष्ट आपल्याकडे दोन वेळा नव्याने चालली. गोष्टीला पासपोर्ट लागत नाही.

हा बोलपट साधाच, कमी खर्चात आणि थोड्या आठवड्यांत उरकलेला. पण तोंडोतोंडी त्याची कीर्ती गावोगाव गेली. अमेरिकेत दर वर्षी सिनेमाची बक्षिसे देतात, त्यांना ऑस्कर म्हणतात. उत्तम बोलपट, उत्तम दिग्दर्शक, उत्तम नट, उत्तम नटी आणि उत्तम पटकथा ही पाचही मोठी बक्षिसे या एका बोलपटाने नेली. तोपर्यंत असे कधी झाले नव्हते. गेबलला जन्मात मिळालेले ऑस्कर हे एकच.

या बोलपटात तो सदरा काढतो तेव्हा आत गंजीफ्रॉक नसतो. त्यामुळे अमेरिकेत तरुणांनी गंजीफ्रॉक घालणे सोडले आणि कारखानदार रडकुंडीला आले, अशी कहाणी आजवर सांगतात. कारखान्याचा हिशेब दाखवून हे कोणी सिद्ध केलेले नाही. तेव्हा ही दंतकथाच धरावी. पण नटाबद्दल अशा दंतकथा उठू लागल्या की त्याचा गल्ला वाढला आहे हे ओळखावे.

आता मोजणीकडे येऊ. अमेरिकेत सिनेमाच्या धंद्याची माहिती छापणारी क्विग्ली नावाची एक प्रकाशन संस्था होती. ती १९३२ पासून दर वर्षी थेटरमालकांना एकच प्रश्न विचारी: यंदा तुमच्या खिडकीवर सर्वांत जास्त पैसे कोणी आणले? उत्तरे मोजून दहा नावे छापत. या यादीत प्रेक्षकांचे मत नाही, टीकाकारांचे नाही. ज्याच्या हाती गल्ल्याची किल्ली, त्याचे मत. म्हणून धंद्यात या यादीला फार मान.

गेबलचे नाव १९३२ पासून १९४३ पर्यंत सलग बारा वर्षे या दहांत होते. पुढे आणखी चार वेळा आले. एकंदर सोळा वर्षे. फार थोड्यांना हे जमले. पण गंमत पाहा, हा राजा पहिल्या नंबरावर एकदाही आला नाही! १९३२ आणि १९३३ साली पहिली होती मारी ड्रेसलर. ही बाई साठी ओलांडलेली, अंगाने जाड, चेहऱ्याने साधी. लोकांना हसवी आणि रडवी. १९३५ ते १९३८ अशी चार वर्षे पहिली होती शर्ली टेंपल. तिचे वय काय म्हणाल, तर पहिल्या वर्षी सात आणि शेवटच्या वर्षी दहा! कुरळ्या केसांची, नाचणारी, गाणारी पोर. त्या चारांपैकी तीन वर्षे गेबल तिच्या खालोखाल दुसरा. इकडे १९३८ च्या सुमारास एका वर्तमानपत्री लेखकाने वाचकांची मते मागवली आणि त्यांनी गेबलला ‘राजा’ म्हणून निवडले. तिकडे त्याच वेळी थेटरमालक म्हणत होते की आमची पहिली ती चिमुरडी. दोन्ही खरे. मत द्यायला पैसे पडत नाहीत, तिकिटाला पडतात. शिवाय पोरीचा खेळ असला की आईबाप, आजी, भावंडे सगळे घर खिडकीवर येते.

राजालाही आपटी खावी लागली. १९३७ साली मेट्रोने त्याला पार्नेल या आयर्लंडच्या पुढाऱ्याचे काम दिले. पार्नेल हा एकोणिसाव्या शतकातला मोठा माणूस. कल्ले लावून, गंभीर चेहऱ्याने गेबल भाषणे करू लागला. लोकांनी साफ पाठ फिरवली. त्यांना त्यांचा बेदरकार गेबल हवा होता. लोक नटावर प्रेम करतात म्हणजे काय करतात, तर त्याने तेच तेच करावे अशी अट घालतात. त्या अनुभवानंतर इतिहासातले काम म्हटले की गेबल कचरू लागला.

नेमके तसेच काम त्याच्या दारात आले. मार्गारेट मिचेल या बाईंची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ साली निघाली आणि घरोघरी गेली. नावाचा अर्थ, वाऱ्याबरोबर गेले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध झाले; त्या वेळची ही गोष्ट. सेल्झनिक नावाच्या निर्मात्याने तिचे हक्क घेतले. नायक रेट बटलर कोण, याबद्दल लोकांनी जणू आधीच निकाल दिला होता. पत्रांवर पत्रे येत: गेबलच पाहिजे. आता गेबल मेट्रोचा. मेट्रोचा मुख्य माणूस लुई मेयर हा सेल्झनिकचा सासरा, पण धंद्यात सासरा-जावई कसले? मेट्रोने अट घातली. गेबल देतो, वर साडेबारा लाख डॉलर भांडवल देतो. बदल्यात नफ्याचा निम्मा वाटा आमचा, आणि बोलपट देशभर लावण्याचा हक्कही आमचा.

वाचकहो, येथे जरा थांबा. या सौद्यात मेट्रोने काय विकले? एका माणसाला रांग लावता येते, ही गोष्ट विकली. तो माणूस मात्र सौद्यात कुठेच बसलेला नव्हता. त्याला रेट बटलर व्हायचे नव्हते. लोकांच्या मनात जो रेट आहे तो आपल्याच्याने होणार नाही, अशी त्याला धास्ती होती. पण करार म्हणजे करार. शिवाय त्याला आधीच्या बायकोपासून काडीमोड घेऊन कॅरल लोंबार्ड या नटीशी लग्न करायचे होते, आणि काडीमोडाला पैसे लागत होते. तो पगारावर उभा राहिला. नफ्यात त्याला वाटा नव्हता.

बोलपटाला सुमारे ३९ लाख डॉलर खर्च आला. लांबी पावणेचार तासांच्या आसपास. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात पहिला खेळ झाला आणि अमेरिका थेटरांकडे लोटली. पुढच्या सगळ्या फेऱ्या धरून एकट्या अमेरिकेत याची वीस कोटींच्या आसपास तिकिटे खपली, असा अंदाज आहे. १९४० साली त्या देशाची लोकसंख्या होती १३ कोटी. नंतरच्या काळात याहून जास्त डॉलर मिळवणारे सिनेमे झाले. पण तेव्हाचा डॉलर आणि आताचा डॉलर यांत फरक आहे, तेव्हाचा आणा आणि आताचा रुपया यांत आहे तसा. तो फरक धरून हिशेब केला तर ‘गॉन विथ द विंड’ आजही सर्वांत वरचा समजतात.

त्या वर्षीचे उत्तम नटाचे ऑस्कर मात्र गेबलला मिळाले नाही. ते रॉबर्ट डोनाट या इंग्रज नटाला मिळाले, आणि ते एका म्हाताऱ्या शाळामास्तराच्या कामाबद्दल. आमचा जन्म शाळेत गेला, तेव्हा हे वाचून आम्हाला जरा बरे वाटले, हे कबूल करतो.

या बोलपटाला एक काळी बाजू आहे. दक्षिणेत काळ्या माणसांना गुलाम करून राबवीत. या बोलपटात ती गुलामी गोड करून दाखवली आहे, जणू गुलाम मालकाच्या घरी सुखात होते. तेव्हाही काळ्या लोकांनी याचा निषेध केला होता. यात दाईचे काम हॅटी मॅकडॅनियल या काळ्या नटीने केले. अटलांटाच्या पहिल्या खेळाला तिला जाता आले नाही, कारण त्या प्रांतात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसण्याला बंदी होती. ती येणार नसेल तर मीही जात नाही, असे गेबल म्हणाला आणि तिनेच त्याची समजूत घातली, असे सांगतात. १९४० च्या फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळाले. काळ्या माणसाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. ते घ्यायला ती आली तेव्हा तिला बाकीच्यांपासून वेगळ्या, कडेच्या टेबलाशी बसवले होते. आपल्याकडे शिवाशीव होती, तेव्हा अमेरिकेला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला थोडा कमीच.

गेबल आणि लोंबार्ड यांचे लग्न १९३९ च्या मार्चमध्ये झाले. शेतवाडी घेऊन दोघे राहिली. कोंबड्या पाळल्या, घोडे पाळले. पुढे महायुद्धात अमेरिका उतरली. युद्धासाठी सरकार रोखे विकत होते. लोंबार्ड आपल्या इंडियाना प्रांतात गेली आणि तिने एका दौऱ्यात वीस लाख डॉलरांहून जास्त रोखे खपवले. परत येताना, १६ जानेवारी १९४२ रोजी, तिचे विमान नेवाडातल्या डोंगरावर आदळले. ती, तिची आई आणि विमानातले सगळे गेले. लोंबार्डचे वय ३३.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेबल हवाई दलात भरती झाला. वय ४१. या वयात कोणी त्याला बोलावले नव्हते. कंपनीला तर तो नकोच होता जायला. एवढा मोठा गल्ला विमानात बसवून कोण पाठवील? पण तो गेला. इंग्लंडमधल्या तळावरून त्याने बाँब टाकणाऱ्या विमानांतून शत्रूच्या मुलखावर पाच फेऱ्या केल्या आणि विमानातल्या बंदूकवाल्यांवर एक माहितीपट तयार केला. १९४३ साली त्याचा नवा बोलपट नव्हता, तरी थेटरमालकांच्या यादीत तो दहावा आलाच. जुन्या बोलपटांवर.

लढाईहून परतलेला गेबल पहिल्यासारखा नव्हता. केस पिकू लागले होते. पहिल्या बोलपटाला लोक आले, पण तोंड वाकडे करून बाहेर पडले. कंपनी त्याला तरुणाच्याच कामात कोंबीत होती. धंदाही बदलत होता. १९४६ नंतर अमेरिकेत थेटरातली गर्दी ओसरू लागली आणि घरोघर टेलिव्हिजन शिरू लागला. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या कंपन्या बोलपट काढतात त्यांनीच थेटरे ताब्यात ठेवून मक्तेदारी करू नये. मोठ्या पगाराचे सालगडी पोसणे कंपन्यांना जड जाऊ लागले.

गडीही शहाणे झाले होते. ‘गॉन विथ द विंड’ मध्ये गेबलबरोबर ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी होती. तिचा करार वॉर्नर कंपनीशी होता. सात वर्षे संपली तरी कंपनी म्हणे, तू कामे नाकारलीस ते दिवस भरून दे. ती कोर्टात गेली. या लढ्यात तिचा फार काळ कामाविना गेला. १९४४ च्या डिसेंबरात निकाल लागला: सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे, एक दिवसही जास्त नाही. हॉलिवूडच्या सगळ्या नटांची दावण त्या बाईने सैल केली. पुढे १९५० साली जेम्स स्टुअर्ट या नटाने ‘विंचेस्टर ७३’ या बोलपटासाठी ठरलेला मोठा पगार घेण्याऐवजी नफ्यात वाटा मागून घेतला. बोलपट चालला आणि पगारापेक्षा कितीतरी जास्त पैसा त्याच्या हाती आला. सालगडी होता तो बटईदार झाला.

गेबलला हे कळायला उशीर लागला. १९५४ साली मेट्रोशी त्याचा संबंध संपला. निघण्याआधी ‘मोगँबो’ हा त्याचा बोलपट उत्तम चालला होता, तरी कंपनीला तो महाग वाटत होता. मग तो मोकळ्या अंगाने दुसऱ्यांकडे गेला आणि ठरावीक रकमेबरोबर गल्ल्यात वाटा मागू लागला. वाटाही कसला, तर नफ्याचा नव्हे, थेट जमेचा. यातला फरक फार मोठा आहे. नफा म्हणजे खर्च वजा जाता उरेल तो, आणि खर्च किती झाला हे वही लिहिणारा ठरवतो! जमेला तसे नाही. जेवढे आले, त्यातले एवढे माझे. आपल्याकडे बटईने जमीन करणाऱ्याला हे सांगायला नको. खळ्यावरच रास मोजून घेतली तर वाटा पदरात पडतो; धान्य मालकाच्या घरी गेल्यावर मापे बदलतात.

१९५५ साली चोपन्न वर्षांचा गेबल पुन्हा त्या यादीत आला, दहाव्या नंबरावर. आता रांग लागली की त्याच्याही खिशात काही पडत होते. ज्या वर्षांत खरा महापूर आला होता, त्या वर्षांत त्याच्या हाती घागरच होती.

शेवटचा बोलपट ‘द मिसफिट्स’. १९६० च्या उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात काम सुरू झाले. बरोबर मेरिलिन मन्रो होती. गोष्ट रानटी घोडे धरणाऱ्यांची. पगार साडेसात लाख डॉलर आणि वर जमेतला वाटा. ऊन कडक, कामाचे दिवस लांबत गेलेले, आणि गेबल दगदगीची काही कामे स्वतःच करी. ४ नोव्हेंबरला काम संपले. एकदोन दिवसांतच त्याला हृदयविकाराचा झटका आला. १६ नोव्हेंबरला तो इस्पितळात गेला. वय ५९. त्याची पाचवी बायको त्या वेळी गरोदर होती. लोंबार्डच्या शेजारी त्याला पुरले.

‘द मिसफिट्स’ १ फेब्रुवारी १९६१ रोजी, त्याच्या वाढदिवशी, लागला. खिडकीवर त्याने फारसे पैसे आणले नाहीत. जाणकार मात्र आज त्याला गेबलच्या उत्तम कामांत गणतात.

त्याच साली यादवी युद्धाला शंभर वर्षे झाली म्हणून मेट्रोने ‘गॉन विथ द विंड’ पुन्हा लावला. मार्चमध्ये अटलांटाच्या त्याच थेटरात समारंभ झाला. सेल्झनिक आला. नायिका विव्हियन ली आली, डी हॅविलंड आली. बावीस वर्षांपूर्वी पगार देऊन करून घेतलेल्या कामावर कंपनीचा गल्ला पुन्हा भरू लागला. त्याच महिन्याच्या २० तारखेला गेबलच्या बायकोला मुलगा झाला. बापाला आयुष्यात हा एकच मुलगा, आणि बापाने तो पाहिला नाही. पोराला बाप पाहायचा तर तो पडद्यावरच पाहायचा होता, खिडकीवर तिकीट काढून.